घाटातली थाप

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, लिहिलं मात्र कधीच नाही. एक तर माझा स्वभाव तसा नाही... आणि खरं सांगायचं तर यातलं बहुतेक मला पटायचं नाही. माणूस थकला की त्याला काहीही दिसतं, असं माझं मत होतं. त्या दिवशी मीही थकलेलीच होते, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही भंडारदऱ्याजवळच्या गावातले. माझे वडील, म्हणजे नाना, आयुष्यभर टुरिस्टांची जीप चालवायचे. त्याच जीपच्या कमाईवर त्यांनी मला संगमनेरला हॉस्टेलवर ठेवून इंग्लिश मीडियममध्ये शिकवलं. नोकरी लागल्यावर मी ऑटोमॅटिक गाडी घेतली, तेव्हा नाना एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "ही गाडी न्हाई पोरी, पाळना हाय. बसायचं आन् झोपायचं."

मग मी त्यांना M, म्हणजे मॅन्युअल, दाखवलं — गिअरचा दांडा डावीकडे घेतला की गिअर आपल्या हातात, मागे ओढला की एकेक कमी. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. "मंग घाटात ह्येच लावायचं. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. बिरेक जपून ठिवायचा."

मी हो म्हटलं. पण नेहमीच्या D मध्ये सगळं आपोआप होत होतं, त्यामुळे M कधी लावलंच नाही.

नानांची एक सवय होती. उतार लागला की गिअर बदलण्याआधी दांड्याच्या गोळ्यावर तळहाताने एक थाप मारायचे. जीपमधल्या झोपलेल्या माणसालाही कळायचं, घाट आला.

गेल्या वर्षी नानांना पॅरालिसिस झाला. उजवा हात गेला आणि बोलण्यात एकच शब्द उरला — व्हय. "जेवलात?" व्हय. "दुखतंय?" व्हय. "म्हणजे दुखत नाही ना?" व्हय.

मी वर्क फ्रॉम होम घेऊन घरी आले. दर आठवड्याला त्यांना संगमनेरला फिजिओथेरपीला नेऊ लागले. एकदा तिथल्या मॅडम म्हणाल्या, "हाताला काहीच हालचाल नाही. पुढच्या खेपेला थोडी जरी दिसली तरी चालू ठेवू. नाहीतर त्यांचेही हाल, तुमचेही."

त्या पुढच्या खेपेची ही गोष्ट.

सकाळची वेळ, लख्ख ऊन. राजूर मागे पडलं आणि आम्ही विठा घाट उतरायला लागलो. नाना माझ्या शेजारी, उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात. आई मागे पेंगत होती. आदल्या रात्री ऑफिसचं काम उरकताना माझी झोप झाली नव्हती. पाय ब्रेकवर ठेवूनच मी सगळा उतार काढत होते. जळकट वास येत होता, तो मला बाहेरचा वाटला.

वळणावर समोर टोमॅटोचा टेम्पो, अगदी हळू चाललेला. मी ब्रेक दाबला आणि पेडल मऊ होऊन खाली गेलं. गाडी थांबेना. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं मी...

थप्.

दांडा डावीकडे सरकला. एकदा मागे आला. पुन्हा एकदा. स्क्रीनवर M2, म्हणजे दुसरा गिअर. इंजिन ओरडलं आणि कुणी मागून धरून ठेवावं तशी गाडी आवरली. टेम्पोच्या मागे रांगत रांगत गेलो, जरा रुंद जागा मिळाल्यावर मी कडेला घेऊन हँडब्रेक ओढला.

मागून आई म्हणाली, "आत्ता थाप वाजली का गं?"

मी नानांकडे पाहिलं. हात पट्ट्यातच होता. बक्कल लागलेलं, आईने घरून लावलं होतं तसंच. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "ब्रेक तापलेत ताई, थंड होऊ द्या, मग हळू आणा. पण M आपोआप पडत नाही. हात लावावाच लागतो."

संगमनेरला मॅडमनी नानांचा हात उचलून सोडला. तो गादीवर पडला. "घरी काही हालचाल?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मी चारचौघांत बोलत नाही फारशी. तरी विचारलं, "नाना, घाटात गिअर तुम्ही टाकला?"

"व्हय."

"का मीच टाकला?"

"व्हय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बघा, तुम्हीच ठरवा."

पुढच्या आठवड्याची वेळ मी मागून घेतली.

तेव्हापासून जातोच आहोत. हात अजून हललेला नाही. दांड्याकडे माझाच हात गेला असेल, असं एक मैत्रीण म्हणते. असेलही. पण थाप आईने पण ऐकली होती, आणि मी कधी थाप मारत नाही.

हल्ली घाटमाथ्यावर मी स्वतःच M लावते. लावण्याआधी मात्र गाडी जरा कडेला घेते, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवते आणि वाट बघते. नाना समोर बघत असतात.

शेवटी मागून आईच म्हणते, "टाक बाई आता."