खुरासणीचं तेल आणि वरच्या मॉडेलचे ब्रेक

आमची गाडी त्या कंपनीच्या गाड्यांतली सगळ्यात खालची होती. दिसायला वरच्या मॉडेलसारखीच, तोच पत्रा, तेच दिवे. पण काचा हाताने फिरवायच्या, एसी नाही, पुढच्या चाकांनाही जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, आणि ब्रेक दाबताना पायाला मदत करणारा बूस्टर नाही. ब्रेक लागायचे, पण त्यासाठी उजव्या पायात जोर असावा लागायचा. सहा वर्षं तो माझ्या पायात होता. मग एका पावसाळ्यात, भाताची आवणी म्हणजे लावणी चालू असताना, मी बांधावरून खाचरात घसरले आणि उजवा गुडघा पिरगळला.

घर शहापूरजवळच्या एका गावात, मी शिकवायची ती शाळा मुरबाड तालुक्यात, धसईच्या अलीकडे. एसटीने जायचं तर दोन ठिकाणी गाडी बदलावी लागे आणि पहिली चुकली की प्रार्थना चुके. आमचे हे पहाटेच मोटरसायकलने आसनगाव स्टेशनला जात आणि तिथून पुढे कामावर, त्यामुळे मला सोडायला कोणी नव्हतं. नव्वदीच्या शेवटी शेवटी जुनी गाडी घेतली ती माझ्याचसाठी. आमच्या बाजूला बाईने गाडी चालवणं तेव्हा नवीनच होतं. पहिला महिनाभर वेशीवरची माणसं गाडी थांबेपर्यंत बघत उभी राहत, मग त्यांनाही कंटाळा आला.

गुडघा बरा झाला, पण पूर्वीसारखा नाही. सपाटीवर चाले. नदीच्या पुलाआधी जो लांब उतार आहे तिथे पेडल दाबून धरताना कळ थेट मांडीपर्यंत जाई. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की असा जोर लावत राहिलात तर वर्षाभरात गाडी आपोआप सुटेल. विनंती बदलीचा अर्ज मी आणून ठेवला. शहापूरजवळची शाळा मागता आली असती. पण ही शाळा मी दोन खोल्यांची असल्यापासून पाहत होते, पहिलीतली पोरं सातवीपर्यंत टिकू लागली होती, आणि ती सोडायची माझी तयारी नव्हती. अर्ज सगळा भरला, फक्त सही बाकी ठेवली. शेवटची तारीख महिनाअखेरची होती.

मला याद्या करायची सवय आहे. शाळेची वेगळी, घराची वेगळी, शेताची वेगळी, सगळ्या एका चौकटीच्या वहीत. हे मला विचारत, तुझ्या वहीत मी कितव्या नंबरला आहे. त्या आठवड्यात गुडघ्याच्या पानावर मी तीनच ओळी लिहिल्या होत्या: मिस्तरीला विचारणे, डॉक्टरांना पुन्हा विचारणे, अर्ज. म्हणून आधी मिस्तरीकडे गेले.

मिस्तरीची शेड मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे. माणूस साधारण माझ्याच वयाचा, बोलायला तिखट, हाताला सावकाश. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, एक तर गाडी बदला, नायतर पाय."

दोन्ही जमण्यासारखं नाही म्हटल्यावर त्याने बॉनेट उघडलं आणि मागच्या पत्र्यातली चार भोकं दाखवली. रबराच्या बुचांनी बंद केलेली. म्हणाला, ही बूस्टरची भोकं. वरच्या मॉडेलला कंपनी इथे बूस्टर लावते, तुमच्या मॉडेलला बूच मारते. म्हणजे वरच्या मॉडेलचे ब्रेक हिला जसेच्या तसे बसतात, फक्त सगळे सुटे भाग एकाच गाडीचे मिळायला हवेत. ते ऐकून मला भारी बरं वाटलं. सहा वर्षं मी त्या भोकांच्या मागे बसून जोर लावत होते.

गाडी मिळाली आसनगावच्या पुढे, हायवेच्या कडेला भंगाराच्या आवारात. वरचं मॉडेल, मागून ट्रकने दाबलेलं, पुढून कोरं करकरीत. मी वही घेऊन गेले होते. मिस्तरी एकेक भाग सोडवून सांगे आणि मी खूण करी: बूस्टर, त्याच्या पुढचा, ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलेंडर, इंजिनकडून येणारी हवेची नळी, पेडल, चाक ज्यावर बसतं ते दोन्ही सांधे, दोन कॅलिपर. कॅलिपर म्हणजे चाकाच्या आतल्या लोखंडी थाळीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग. ती थाळी म्हणजे डिस्क. डिस्क आणि त्यांना घासणारे पॅड मात्र दुकानातून नवे घ्यायचे असं त्याने बजावलं. नवे ब्रेक मोठे असल्याने चाकंही मोठी लागणार होती, ती चार त्याने बाजूला काढली.

मी म्हटलं, "आणि स्टेपनी?"

तो थांबला. जुनी स्टेपनी नव्या ब्रेकवर बसलीच नसती. पुढचं चाक पंक्चर झालं असतं तर मी स्टेपनी हातात घेऊन रस्त्यावर उभी राहिले असते. त्याने पाचवं चाक काढलं, आणि त्यानंतर मला विचारल्याशिवाय एकही भाग गोणीत टाकला नाही.

काम चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी त्याने मला बूस्टर तपासायची पद्धत शिकवली. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबायचं, मग दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली थोडं आत गेलं की बूस्टर जिवंत आहे. मी ते वहीत लिहून घेतलं. मग शेजारच्या राइस मिलमधून तांदळाची पाच पोती उसनी आणून मागे ठेवली, कारण रिकाम्या गाडीचा ब्रेक हा ब्रेकच नव्हे असं त्याचं मत होतं. नदीचा उतार मी गुडघा न वाकवता, नुसत्या पंजाने उतरले. पोती पुढच्या सीटला येऊन टेकली. दोन वेळा उतरलो, दोन वेळा चढलो, आणि पोती मिलमध्ये परत दिली.

तो आठवडा फार सुखाचा गेला. शाळेतून येताना मी उगाचच दोनतीनदा ब्रेक दाबून बघत असे. अर्ज कपाटाच्या खणात तसाच पडून होता आणि मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. त्यांना मी मामा म्हणते. वय तेव्हा सत्तरच्या पुढे, चौथी शिकलेले, आयुष्यभर भातशेती आणि बैलगाडी. माझ्या गाडी चालवण्याला ते कधी नाही म्हणाले नाहीत, कधी हो म्हणाले नाहीत आणि कधी गाडीत बसलेही नाहीत. शहापूरला जायचं तर एसटीने जात. मात्र अंगणात गाडी उभी असली की तिच्याभोवती एक फेरी मारत, बैलाभोवती मारावी तशी. त्यांच्या ओट्यावर एका कोनाड्यात खुरासणीच्या तेलाची वाटी आणि कोंबडीचं पीस कायम ठेवलेलं असे. डोंगराकडची खुरासणी आम्ही घाण्यावरून काढून आणतो, जेवणालाही तेच तेल आणि अवजारांनाही. विळा, कोयता, कुदळ, जे लोखंड वापरून ठेवलं त्यावर पिसाने तेल फिरवायचं, हा त्यांचा रोजचा संध्याकाळचा नेम. त्यांचा विळा त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता आणि त्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता.

शनिवारी रात्रभर पाऊस लागला. रविवारी सकाळी चाकाच्या भोकांतून पाहिलं तर नव्या, चकचकीत डिस्कवर तांबूस गंज चढलेला. मिस्तरीने याची कल्पना दिली होती. डिस्क उघडी असते, ओली राहिली की वर गंज येतो आणि पहिल्या दोन ब्रेकमध्ये पुसून जातो. मला हे माहीत होतं. पण ओट्यावर बसलेल्या मामांना जाताजाता मी एवढंच म्हणाले की बघा, आठवड्यात तांबडी झाली. आणि भाजी निवडायला आत गेले.

सोमवारी सकाळी शाळेसाठी निघाले. अंगणाला फाटकाकडे थोडा उतार आहे. फाटकाच्या आत एकदा ब्रेक दाबायचा हा माझ्या यादीतला पहिला नियम, म्हणून दाबला. पेडल नेहमीसारखं मऊ खाली गेलं. गाडी थांबली नाही. मागची चाकं घासली, पुढची तशीच फिरत राहिली. मी हँडब्रेक ओढला आणि गाडी काकडीच्या मांडवाच्या मेढीला जाऊन टेकली. मेढ सावकाश आडवी झाली, मांडव बॉनेटवर आला आणि पाचसहा काकड्या काचेवरून घरंगळल्या.

मला लागलं नव्हतं, मांडवापलीकडे फारसं नुकसानही नव्हतं. पण मी तशीच बसून राहिले. डोळ्यांपुढे नदीचा उतार होता, आणि त्यामागे खणातला तो अर्ज. अजून तीन दिवस होते. सही करायला एक मिनिट पुरलं असतं.

मग वहीतली पद्धत आठवली. इंजिन बंद, पेडल पाच वेळा, दाबून धरलं, इंजिन चालू. पेडल आत गेलं. बूस्टर जिवंत होता. म्हणजे दोष चाकात. उतरले, पुढच्या चाकाच्या भोकातून बोट घातलं आणि डिस्कवरून फिरवलं. बोट तुळतुळीत झालं. नाकाला लावलं तर खुरासणी. दुसऱ्या चाकालाही तेच.

मी ओट्याकडे पाहिलं. मामा उठून उभे होते.

"तेल तुम्ही लावलंत?"

"लावला. दोनी चाकांना," ते म्हणाले. "एका राती लाल झालेला गो. मी म्हटला इतका सोधून आणलाय बायनी, गंजला तर परत पायानी जोर लावाया लागंल."

मला रागवायचं होतं, पण त्या वाक्यानंतर जमेना. गुडघ्याचा विषय मी घरात फक्त ह्यांच्याशी बोलले होते. मामा कोपऱ्यात बसून बिडी ओढत असत, ते ऐकतात असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मी त्यांना चाकाजवळ घेऊन गेले आणि समजावून सांगितलं. विळ्याने कापायचं असतं, म्हणून तो गुळगुळीत हवा. ह्या थाळीला चिमट्याने घट्ट धरायचं असतं. तेलकट झाली की चिमटा सुटतो, हाताला तेल लागलेलं असताना लोट्याची कड निसटते तसा. त्यांना लगेच कळलं.

"मंग नदीच्या उतारावर व्हतीस तर?"

"नव्हते ना. अंगणात होते."

ते ओट्यावर गेले. पिसाची दांडी मोडून टाकली आणि मांडव उभा करायला लागले.

त्या दिवशी मी एसटीने गेले आणि प्रार्थना चुकली. वाटेत दुकानातून मिस्तरीला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी नवे पॅड घेऊन मोटरसायकलने आला. जुने पॅड तेल प्यायले होते, ते कामाचे राहिले नव्हते. डिस्क त्याने पेट्रोलने दोनदा पुसल्या, कॅलिपरही पुसले. पुसताना वास सुटला तसा मामांना म्हणाला, "आजोबा, भजी तलायची व्हती काय?"

मामा आदल्या सकाळपासून जेवतानाही गप्प होते. ह्यावर मात्र बोलले. "तुझी ही थाली एका राती गंजते. माजा इळा बापाच्या येलचा हाय."

मिस्तरी हसला आणि म्हणाला की तो मुद्दा खरा आहे, कंपनीला कळवू.

मग त्याला भरली गाडी हवी होती. तांदळाची पोती घरात होती, पण माळ्यावर. मी चढू शकत नव्हते आणि तो एकटा होता. हे अजून कामावरून यायचे होते. मामा ओट्यावरून उतरले, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गाडीचं पुढचं दार उघडू लागले. त्यांना मूठ कुठून ओढायची ते माहीत नव्हतं, मी आतून उघडलं.

"मी बसतो. मीच लावलेला तेल."

मिस्तरी मागे बसला. आम्ही नदीपर्यंत गेलो. उताराच्या तोंडाशी मामांनी दोन्ही हातांनी पुढचा पत्रा धरला. मी गाडी सोडली, अर्ध्यावर पेडल दाबलं, पंजानेच. गाडी नाक खाली करून उभी राहिली. परत सोडली, परत दाबली. खाली पुलाजवळ पूर्ण थांबले तेव्हा मामांनी हात सोडले, पुढे वाकून माझ्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं, "दुखतो काय?"

"नाही."

"मंग ठीक हाय," म्हणाले, आणि परत येताना वाटेतल्या प्रत्येक बैलगाडीवाल्याला खिडकीतून हात केला.

घरी आल्यावर मी खणातला अर्ज काढला. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर गाडीची यादी लिहिली: फाटकाच्या आत ब्रेक, सोमवारी बूस्टर, महिन्याला ब्रेकचं तेल किती आहे ते, पाऊस पडल्यावर गंज आला तर काही करायचं नाही. त्याखाली एक रेघ मारून मामांसाठी वेगळं लिहिलं, त्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. चार दारांच्या बिजागऱ्या, बॉनेटचा खटका, डिकीचं कुलूप. एवढ्यांनाच तेल.

कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. महिनाअखेर आली आणि गेली. मामांनी कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन नवं पीस शोधून आणलं. दर रविवारी ते कपाट उघडत, तीन ओळी बोट ठेवून वाचत आणि वाटी घेऊन अंगणात जात. ती गाडी मी पुढे नऊ वर्षं चालवली, त्याच शाळेला. तिचं एकही दार कधी कुरकुरलं नाही.