नवमीला गाडी सुरू होईना

आमच्या गाडीला काय झालंय हे ओळखायला मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. शिकवताना आमची जितकी भांडणं झाली, तितकी माझी नवऱ्याशीही कधी झाली नाहीत. मी कोल्हापूरकडची. लग्न होऊन आले ती चेन्नईत, मैलापूरच्या एका तंजावरी मराठी घरात. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत, सासूबाईंना अम्मा, मग मीही तेच म्हणू लागले. त्यांची मराठी ऐकून पहिले काही महिने मला वाटायचं, कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर वाचून दाखवतंय.

गाडी अप्पांची. पांढरी, गोलमटोल, सोफ्यासारख्या उंच सीटची. असली गाडी आता बनतही नाही. अप्पांच्या डोळ्यांनी दगा दिल्यावर ती चालवायचं माझ्यावर आलं, आणि बाई काय सांगू, रोज तिचं काहीतरी दुखणं! मी बॉनेट उघडून धडाधड हात घालायला जायची. अप्पा मागून म्हणायचे, "नको गे. आधी ऐक, मग हुंग, मग बघ. हात अस्की झाल्यावर." अस्की म्हणजे सगळं. हा शब्द आता माझ्याही तोंडी बसलाय. माहेरी बोलले की हसतात.

किल्ली फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं, तर हेडलाइट लावून बघायचं. किल्ली फिरवताना दिवे मंदावले तर बॅटरीत दम नाही किंवा तिच्या तारा सैल आहेत. दिवे लख्ख राहिले तर दोष स्टार्टरचा. स्टार्टर गरगर फिरतोय पण इंजिन धरत नाही, मग नाक लावायचं. पेट्रोलचा वास नसेल तर पेट्रोल पोचत नाही, वास असेल तर ठिणगी पडत नाही. हॉर्न आणि वायपर एकदम गेले तर वायरी उसकटत बसायचं नाही, आधी फ्यूज बघायचा. आणि समुद्र जवळ, त्यामुळे बॅटरीच्या टोकांवर पांढरट हिरवी बुरशी धरते, ती गरम पाण्याने धुवायची. हे सगळं मी ओरडत, वैतागत, 'विकून टाका हे धूड' म्हणत शिकले.

अम्मा तेव्हा ओट्यावर बसून आमची गंमत बघायच्या. त्या माझ्यासाठी काय होत्या ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नवी नवी आले तेव्हा मला तमिळचं अक्षर येत नव्हतं आणि रोजच्या सांबाराने रडू यायचं. अम्मांनी माझ्या आईला फोन लावून पिठलं-भाकरी शिकून घेतली. आयुष्यात कधी भाकरी न थापलेली बाई, बोटं भाजली तरी आठवडाभर थापत राहिली. पुढे मुलगी झाली आणि माझी शोळिंगनल्लूरची नोकरी सुटणार असं दिसलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर त्या म्हणाल्या, "ती ऑफिसास जाईल. पोर माझ्याकडे." विषय संपला. असली माणसं मिळायला नशीब लागतं, आणि माझं ते होतं.

त्याच अम्मा न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि मग पुन्हा चालायला शिकवतात अशा एका केंद्रात त्यांना ठेवलं, शोळिंगनल्लूरच्या पलीकडे. त्या केंद्राच्या वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या माणसांची कायमची राहायची सोय होती. माझे थोरले दीर अमेरिकेहून आले आणि त्यांनी तिथली खोली बघून ठेवली. भावजी वाईट नाहीत हो. त्यांचं म्हणणं, अप्पांना दिसत नाही, नवरा माझा कामासाठी जर्मनीत, मी ऑफिसात, मग आईला उचलणार कोण? मी म्हटलं, मी घरून काम करीन, हॉलमध्ये पलंग टाकीन, दिवसाची बाई लावीन. बरीच वादावादी झाली. शेवटी भावजी म्हणाले, "ठीक आहे. नवमीला डॉक्टर पाचपर्यंत असतात, त्यांच्यासमोर तिला नीट घेऊन जा. नाही जमलं तर दसऱ्याला ती वरच्या खोलीत जाईल. मला परत जायच्या आधी हे मिटवायचंय."

नीट घेऊन जा, यातच मेख होती. अम्मांचा खुबा जास्त वाकवायचा नव्हता. एकदा तपासणीला टॅक्सीत बसवलं तर सीट इतकी खोल, की उतरताना त्यांनी जो टाहो फोडला तो माझ्या कानात बसलाय. मोठ्या जीपसारख्या गाडीत पाय चढेना. आणि अँब्युलन्सचं नाव काढलं की म्हणायच्या, "तीतून गेले, तीतून परत येणार नाही." राहिली आमची गोलमटोल. तिची सीट त्यांच्या कमरेच्या उंचीची, दार रुंद. गाडी गेली तर अम्मा येणार, नाही तर नाही.

आता इथली नवमी म्हणजे आयुधपूजा. आमच्याकडे दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालायची आणि लगेच फेरी मारायला निघायचं. इथे तसं नाही. नवमीला घरातली सगळी हत्यारं पुस्तकांबरोबर सरस्वतीपुढे ठेवायची, गंध-कुंकू लावायचं, आणि दसऱ्याच्या सकाळी पुन्हा पूजा होईस्तोवर त्यांना शिवायचं नाही. त्यांची विश्रांती असते. अप्पांचे पाने, पकड, स्क्रूड्रायव्हर, जॅक सगळं पाटावर. माझा लॅपटॉपसुद्धा त्यांनी गंध लावून तिथेच बसवला होता. गाडी मात्र पूजा झाली की चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडत बाहेर काढायची.

पूजा झाली. अप्पा नव्या वेष्टीत, म्हणजे इथल्या धोतरात, हात जोडून दारात उभे. मी लिंबं ठेवली, आत बसले, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन ढिम्म. पुन्हा फिरवली. पुन्हा. अम्मा तिथे वाट बघत असणार या विचाराने माझं डोकं असं तापलं की मी किल्ली सोडायलाच तयार नव्हते. खिडकीवर अप्पांची टकटक झाली. "ऐकतेस काय? नुसती पिळतेस तिला!"

मी उतरले. हुंगलं. पेट्रोलचा वास चांगला सणसणीत. म्हणजे ठिणगी नाही. बॉनेट उघडलं आणि बघतच राहिले. इंजिन लख्ख, चकाचक, नवरीसारखं. कॉइलवर गंध. तारांवर गंध. डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे जिथून प्लगांना वीज वाटली जाते त्या वाटीच्या, टोपणावर तर गंधाचा ओला गोळा आणि वर कुंकू.

"अप्पा, इंजिन धुतलंत?"

"धुतले की. पायपाने. ती येणार न्हवे आज."

इतक्या वर्षांत अप्पांनी इंजिनावर पाण्याचा थेंब उडू दिला नव्हता. मला शिकवलेला पहिला धडा तो. आणि बायको घरी येणार म्हणून या माणसाने पहाटे पाइप लावून गाडीला अभ्यंगस्नान घातलं! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला हसावं की रडावं कळेना. मी ओरडलेच, "अहो, पण का?" तर ते लहान पोरासारखे खाली मान घालून उभे. मग मला पुढे ओरडवेना.

नशीब, ते टोपण दोन स्प्रिंगच्या चिमट्यांनी बसलेलं असतं. हाताने निघतं, हत्याराला हात लावायचं कामच नाही. काढलं. आत पाण्याचे थेंब. अप्पांनी नव्या वेष्टीच्या सोग्याने ते पुसलं, पण फटींतली ओल निघेना. मी आतून केस वाळवायचं यंत्र आणलं. अप्पांनी हात आडवा धरला.

"हे आयुध काय?"

"अप्पा, मला अजून ओरडायला लावू नका!"

त्यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "केसांचे न्हवे? शृंगाराचे. सरि, चालेल." मी टोपण वाळवलं, तारा वाळवल्या, गंध खरवडलं, सगळं परत बसवलं. घड्याळ तीनच्या पुढे गेलं होतं. भावजींचा फोन येऊन गेला, 'निघालात का?' मी 'निघतोय' म्हणून ठेवून दिला.

किल्ली फिरवली. टक्. आता स्टार्टरही फिरेना. दिवे लावून पाहिले तर किल्लीसरशी मंदावले. बॅटरी. मघाशी मी पिळून पिळून तिचा जीव काढला होता, हे खरंच. पण एवढ्यात इतकी मरायला नको होती. मी बॅटरीच्या तारेला हात लावला तर ती हातात गोल फिरली. नट सैल.

अप्पा बोलले तेव्हा आवाज बारीक होता. "टोके साफ केली सकाळी. नट हातानेच बसवला. मुहूर्त टळत होता, पाना पूजेत ठेवावा लागला."

मी बोलले असते तर वाईट बोलले असते. हाताने पिळून बघितलं, फडकं गुंडाळून बघितलं. नट आणखी पाव फेरा मागत होता आणि तो पाव फेरा देणारा पाना दहा पावलांवर सरस्वतीच्या पायाशी फुलांखाली होता. शेजारी मागावा तर सगळी गल्ली त्याच पूजेत. सगळ्यांचे पाने निजलेले. मी घेऊन येऊ का, हे विचारायचं तोंडावर आलं होतं, पण मला धीर होईना. हा नेम त्यांच्या वडिलांचा, आजोबांचा. एकदा नवमीला घरातला पंखा पडायला आला होता, तेव्हाही त्यांनी स्क्रूड्रायव्हरला हात लावू दिला नव्हता. आम्ही सगळे रात्रभर ओसरीत झोपलो होतो.

अप्पा आत गेले. मला वाटलं, भावजींना फोन करायला गेले. मी तशीच बॉनेटला टेकून उभी राहिले. सगळं संपलं असं वाटून डोळे भरून आले. मग आत डोकावले तर अप्पा पाटापुढे वाकले होते. दिसत नसल्यामुळे ते बोटांनी एकेक फूल बाजूला करत होते. पाना हाताला लागला तसा त्यांनी तो कपाळाला लावला आणि बाहेर आले. पान्यावरचं कुंकू त्यांच्या बोटांना लागलं होतं.

"अप्पा, राहू द्या. उद्या बघू."

"उद्या ती वरच्या खोलीत असेल," ते म्हणाले. "देवी रागावली तर मजवर रागावेल. घे, तू फिरव. मला नट दिसत नाही."

मी पाव फेरा दिला. आत बसून किल्ली फिरवली, स्टार्टर कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला, आणि भर्रकन इंजिन धरलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. लिंबं फटाफट फुटली. अप्पा मागे बसले, धुळकट काळ्या वेष्टीनिशी.

अड्यारचा पूल, मग आयटीवाल्यांचा तो लांबच लांब रस्ता. सणाची गर्दी. सिग्नलला एक पाय ब्रेकवर, एक ऍक्सिलरेटरवर, बंद पडू द्यायची नाही म्हणजे नाही. मागून अप्पा काहीबाही पुटपुटत होते. मंत्र की शिव्या, कळलं नाही. केंद्राच्या फाटकातून आत वळले आणि मी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

अम्मा दारात खुर्चीवर बसल्या होत्या. सकाळपासून नेसलेली चांगली साडी, मांडीवर पिशवी. मी इंजिन चालूच ठेवून धावले. त्यांनी माझे काळे हात बघितले, अप्पांची वेष्टी बघितली आणि माझं मनगट धरून मला खाली ओढलं.

"मी दुपारी थोरल्यास वरच्या खोलीचं हो म्हटलं गे," त्या कुजबुजल्या. "तुम्ही येईनात. म्हटलं, कुणास त्रास नको. आता मला त्याला नाही म्हणवत नाही. तू सांग."

मी त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलून गाडीत ठेवली. डॉक्टर आले, नर्स आली. सगळ्यांनी मिळून त्यांना उभं केलं. अम्मांनी सीटच्या कडेला हात टेकला, हळूच बसल्या, आणि नर्सने त्यांचे पाय आत घेतले. एक हूं की चूं नाही. डॉक्टरने मान डोलावली. तेवढ्यात भावजी कागद घेऊन जिन्यातून खाली आले. त्यांना दारात धडधडती गाडी बघून धक्काच बसला.

"अगं, पण आईशी माझं बोलणं झालंय. ती राहते म्हणाली. तिला विचारलंस का?"

"भावजी," मी म्हटलं, "त्या गाडीत बसल्यात."

ते काहीतरी म्हणणार होते. पण पुढची काच खाली झाली आणि आतून अम्मांचा, कित्येक दिवसांनी, घरातला तो खणखणीत आवाज आला:

"बोलत काय राहिलात अस्की! इंजिन बंद पडेल!"