चाकांच्या अस्सल टोप्या
अस्सलपणा हाच मोटारीचा आत्मा, असे आमचे साहेब म्हणत. धातूच्या पॉलिशचा वास आला की मला पन्नासच्या दशकातली त्यांची विलायती स्पोर्ट्स कार आठवते. चिंचवडला आमचा कारखाना तेव्हा नवा होता. साहेबांनी वर्षभर खपून चाकांच्या मूळ टोप्यांचे पोचे काढवले, त्यांना नव्याने निकेल चढवले. इंजिन बंदच होते. ते कोणाला दिसत नाही, असे त्यांचे मत. पुण्याच्या मोटार क्लबाचे अध्यक्ष चिंचवड स्टेशनवर गाडी पाहून साहेबांना सभासद करायचे की नाही ते ठरवणार होते. बैलांनी गाडी चढावर न्यायची आणि तिथून उतारावरून स्टेशनपर्यंत ऐटीत सोडायची, असा साहेबांचा बेत. त्या दिवशी सकाळी साहेबांबरोबर शेजारच्या शेतकऱ्याकडे गेलो, तर तो बैलांची शिंगे रंगवत बसलेला. "आज पोळा हाय, साहेब. आज बैल जुपत न्हाईत." "अहो, फक्त चढापर्यंत!" "न्हाई म्हंजी न्हाई. तुमची माणसं हायेत की मोकळी!" मग साहेबांनी स्टिअरिंग धरले आणि आम्ही कारकुनांनी गाडी चढावर ढकलली. स्टेशनवर अध्यक्षांनी वाकून एका टोपीत पाहिले, मिशी सारखी केली आणि साहेबांना तिथेच सभासद करून घेतले. आज आठवून पाहतो, तर त्या पोळ्याला गावात जुंपलेले असे फक्त आम्हीच होतो.