बंद राहिलेले कोष

पाइनच्या बनात फिरून किडींचे कोष मोजायचे, हे त्याचं काम. म्हणून वनखात्यात सगळे त्याला मोजणीवालाच म्हणत. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, ताई सतराची. रोपवाटिकेत राबून तिने त्याला शिकवलं. तिच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी याचं मार्गी लागू दे." त्याचं मार्गी लागेपर्यंत तिचं वय उलटून गेलं. घरामागच्या उतारावरचं एकूण एक पाइन तिच्या हातचं होतं. म्हातारपणी तिची दृष्टी गेली, तरी रोज त्याला विचारायची, "माझी पोरं कशी आहेत रे?"

एका वसंतात त्या उतारावर करवतमाशी आली. माशी ती केवढीशी, पण मादीच्या पोटाशी बारीक करवत असते. त्या करवतीने ती पाइनचं सुईसारखं पान चिरते आणि चिरेत ओळीने अंडी घालते. अळ्या घोळक्याने खातात. फांदीला धक्का लागला की सगळ्या एकदम माना वर करतात आणि तोंडातून राळ काढतात.

साहेब म्हणाले, "फवारून मोकळे होऊ."

"नको, साहेब. या जुन्या सुया खातात, नवी पालवी सोडतात. झाडं तगतील."

झाडं तगलीही. अळ्या जमिनीत उतरल्या, त्यांनी कोष विणले आणि थंडीच्या तोंडावर माश्या उडून गेल्या. मग त्याने पाचोळा चाळला. टोकाचं झाकण निघालेल्या कोषांतून माशी उडालेली, बाजूला भोक पडलेले परजीवी किड्याने खाल्लेले. उरले ते बंद. कधी कधी अळी कोषात आणखी एक वर्ष झोपून राहते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून बंद कोष शंभर तरी फोडून बघायचे असतात. पण त्या दिवशी ताईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्याने दहाच फोडले. दहाही सुकलेले निघाले. अहवालात त्याने लिहिलं, 'बाकीचे मृत.'

पुढच्या वर्षी अळ्या तुरळकच दिसल्या. त्याच्या पुढच्या वसंतात मात्र झोपलेल्यांची पिल्लावळ आणि नव्यांची पिल्लावळ एकदमच उतारावर तुटून पडली. पाऊसही ओढ देऊन बसला होता. जुन्या सुया संपल्यावर अळ्यांनी पालवी खाल्ली, कोवळ्या फांद्यांची सालही सोडली नाही.

ताई विचारायची. तो म्हणायचा, "हिरवीगार आहेत."

तोडणीचा हुकूम आला तेव्हा त्याचा नाइलाज झाला. तिच्या खाटेवर बसून तो नुसताच घसा खाकरत राहिला.

"गेली ना झाडं?" तीच म्हणाली. "महिना झाला, वारा येतो पण झाडं वाजत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

तिने त्याला उतारावर न्यायला लावलं. ओळीओळीने हात फिरवत गेली. शेवटच्या झाडाशी टेकून तिने विचारलं, "असं कसं झालं रे? तू तर मोजत होतास."

खोटं बोलून बोलून तो थकला होता. त्याने खरं सांगून टाकलं. दहा कोष, आणि तो डॉक्टरांचा दिवस. शब्द तोंडातून गेले आणि त्याला कळलं, की आपण तिला केवढं ओझं देऊन बसलो. तिने झाडावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "चल, तुला कामावर जायचं असेल."

त्यानंतर तिने डॉक्टरांचं नाव काढू दिलं नाही. थंडीत तिला खोकल्याने धरलं. तो रजा टाकतो म्हणाला, तर म्हणाली, "माझ्यापायी आता काम चुकवू नकोस." त्याने ऐकलं. शेवटी ऐकायचं सोडून तिला उचलून नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस आधी आणायचं होतं."

दोन दिवसांनी ती गेली. त्याने बदली मागून घेतली.