तंबूतल्या लढाया आणि माझी आत्या

युद्धाचा सिनेमा कसा बघावा, हे साऱ्या भूम तालुक्यात फक्त माझ्या आत्याला कळत होतं, असं मी आजही छातीठोकपणे सांगतो. दुष्काळाचं साल होतं. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी धुळीनं पांढरं झालेलं अंग घेऊन ईटच्या माळावरच्या सिनेमाच्या तंबूत शिरायचं, हा आमचा क्रम. लढाई नुकतीच जिंकलेली, त्यामुळं तंबूवाला एकामागून एक युद्धाचेच सिनेमे आणी. आत्या बायकांच्या बाजूला अगदी पुढं पदर खोचून बसे. तिचा मुलगा फौजेत होता, त्यामुळं पडद्यावरचा प्रत्येक जवान तिला आपल्याच हाताखालचा वाटे. "आरं खाली वाक, मागनं आलंय त्ये!" असं ती इतक्या जोरात ओरडे, की जवान वाकला नाही तरी आजूबाजूला बसलेली माणसं वाकत. एकदा शेकोटीभोवती गाणं म्हणणाऱ्या अख्ख्या तुकडीला तिनं झापलं, "समदेच गाया लागले, मग पहारा कोन करतंय?" तंबू खदखदून हसला, आणि मग जो तो पडद्यावर पहारेकरी शोधू लागला.

शत्रूकडचा कुणी पडला की मात्र शिट्ट्या वाजत, टोप्या उडत, आणि नेमकी तेव्हा आत्या गप्प होई. असाच एक सिनेमा बघून गावातली तरणी पोरं घोषणा देत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी कामावर त्यांनी पिंजाऱ्याच्या हमीदाबीला अडवलं. ती पहिल्यापासून आमच्याच टोळीत खडी फोडायची.

"तुमी लोकं तिकडं बसा," एकजण म्हणाला. "काल बघितलंय आमी समदं."

 हमीदाबी हातोडा आणि घागर उचलून दूरच्या लिंबाकडं निघाली. मुकादम भलतीकडंच बघू लागला. तेवढ्यात आत्या उठली, तिच्यामागं गेली, शेजारी फतकल मारून बसली आणि तिच्याच घागरीतलं पाणी घटाघटा प्याली.

"आत्या, तुमी फौजीची आई, आन् तुमीच असं..." मघाचा पोरगा म्हणाला.

"व्हय, फौजीची आई हाय!" आत्या कडाडली. "माझा ल्योक सरहद्दीवर हाय, तुमी तंबूत हाव. त्यो जिला राखाया गेलाय, तिलाच तुमी हाकलाया लागलाव?"

दुपारपर्यंत सगळी टोळी लिंबाकडं सरकली. शेवटी ती पोरंही आली. सावली तिकडंच होती म्हणून आलो, असं ती पुढं सांगत. ही माझी सख्खी आत्या, हे त्या दिवशी मी ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाला सांगत सुटलो होतो.

पुढं तिचा मुलगा रजेवर आला. आत्यानं त्याला मोठ्या तोऱ्यात तंबूत नेलं. पडद्यावर तोफा सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात तो उठून बाहेर गेला. त्याच्यामागं आत्या. सिनेमा अर्धा टाकून ती उठल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, तर तो माळावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.  आत्या नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आत लढाई जिंकल्याच्या टाळ्या पडल्या, तरी दोघांपैकी कुणी तिकडं मान वळवली नाही.