उपाशी मंडळी

चर्चच्या पाळकाच्या बायकोला स्वतःचं दार नसतं. लग्न होऊन नवापूरकडच्या डोंगरातल्या या गावात आले, तेव्हापासून दिवसाउजेडी आमचं दार मी लावलेलं मला आठवत नाही. बाळंतीण अडली, बोलवा पाळकबाईला. नवराबायकोचं वाजलं, बोलवा पाळकबाईला. जवान माणसं ऊसतोडीला गुजरातेत निघाली की मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे बघायला पुन्हा पाळकबाईच. माझं माहेर सपाटीवरचं, अहिराणी बोलणारं. इथली बोली मी लोकांच्या चुलीपाशी बसून शिकले. माझी तक्रार नाही हो. लोकांनीही आम्हाला जीव लावला. इतका लावला की त्यापायी माझी पोर हातची जायची वेळ आली.

पोर एकुलती एक, कॉलेजात जाणारी. तिला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. आम्हा दोघांच्याही रक्तात तो दोष निम्मा निम्मा होता, आणि हे आम्हाला तिच्या दुखण्यानंच कळलं. थंडी पडली की तिचे सांधे धरतात, हाडाहाडातून कळा येतात. गेल्या थंडीत ताप चढला आणि उतरेचना. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. तिला गाडीत घालून नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात आणलं.

आमच्याकडे आजाऱ्याला एकटं सोडायची रीत नाही. आमच्या पाठोपाठ पिकअप भरून मंडळी आली आणि दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसली. चर्चचे पंच म्हणजे भारी कडक माणूस. प्रार्थनेत कुणी जांभई दिली तरी त्यांची नजर फिरते. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, पाळकबाईच्या मुलीसाठी तीन दिवसांचा उपास, पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला की सोडायचा. बायाबापड्यांनी माना डोलावल्या. मलाही भरून आलं. ज्यांच्या घरी एकवेळचंच शिजतं, ती माणसं माझ्या लेकरासाठी तेही सोडून बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. मुलीचं रक्त फार उतरलंय, आज चढवावंच लागेल, आणि तिच्या गटाची पिशवी रक्तपेढीत शिल्लक नाही. ओ पॉझिटिव्ह. तुम्हा आईबापांच्या रक्तातही तो दोष आहे, तुमचं घेता येणार नाही, दुसरं कुणी आणा. मी जवळजवळ हसलेच. म्हटलं, माणसांना काय तोटा, खाली अख्खी मंडळी बसलीय! गावात तपासणीचं शिबिर झालेलं, ज्याचा त्याला गट ठाऊक. मी हाक मारली तशी पाच-सहा जणं लगबगीनं उठली. पंचही त्यांच्यात होते, पण ते मागे मागे रेंगाळले.

रक्तपेढीतल्या मुलीनं पहिल्याला विचारलं, सकाळी काय खाल्लं? तो छाती काढून म्हणाला, काही नाही, आज तिसरा दिवस. दुसरा तेच. तिसरी तेच. त्या मुलीनं पेन खाली ठेवलं. उपाशी माणसाचं रक्त घेता येत नाही, म्हणाली, इथेच चक्कर येऊन पडाल. पोटभर जेवून या, काही तास जाऊ द्या, मग बघू.

तास कुठून आणू? वर पोर उशीत तोंड खुपसून कण्हत होती. आता तिला ओरडायचंही त्राण नव्हतं.

मी धावत लिंबाखाली आले. सांगितलं, उपास सोडा, काहीतरी खा. कुणी हललं नाही. एक म्हातारी माझा हात कुरवाळत म्हणाली, बाई, संध्याकाळपर्यंतच तर आहे, बोललेला उपास अर्ध्यावर मोडला तर पोरीच्याच जिवावर येईल. मी आमच्या पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून उभे. त्यांचे ओठ हलत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्या माणसाचा एवढा राग कधी आला नव्हता. त्यांनी खाल्लं तर मंडळीही खाईल म्हणून मी हातगाडीवरून भजी आणली आणि सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडाशी धरली. त्यांनी डोळे उघडले, पण तोंड उघडलं नाही. मग माझं भानच सुटलं. माहेरची भाषा तोंडात आली, जी इथे कुणी कधी माझ्याकडून ऐकली नव्हती.

"मन्ही पोर मरी ऱ्हायनी," मी ओरडले. "उठा, जेवा."

बाया रडायला लागल्या. एकदोघांनी भज्यांना हात घातला, पण त्यांनी आता खाल्लं तरी रक्त द्यायला दुपार टळणार होती. देवाला मी तेव्हा जे बोलले, ते पाळकाच्या बायकोनं बोलू नये असं होतं.

तेवढ्यात पंच जवळ आले. नळापाशी चला म्हणाले. तिथे गेल्यावर मान वर करेनात. टोपी काढून हातात चुरगाळत राहिले.

"पाळकबाई, मी सकाळी एसटी स्टँडवर वडे खाल्ले," ते म्हणाले. "कालही खाल्ले. भूक सहन झाली नाही."

मी त्यांचं मनगट धरलं आणि एवढ्या मोठ्या माणसाला फरफटत रक्तपेढीत नेलं. त्यांची तपासणी झाली, रक्त निघालं, जुळलं. दुपारी पोरीला पिशवी लागली. मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसून राहिले. हळूहळू तिचं कण्हणं थांबलं.

पुढच्या रविवारी आमच्या साहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं, पंचांना उपाशीपोटी रक्त द्यायचं बळ देवानंच दिलं. मंडळी आमेन म्हणाली. पंच जमिनीकडे बघत होते. मीही गप्प बसले.

पण हा आजार एका पिशवीनं भागणारा नाही. यंदा थंडी सुरू झाली आणि पोर पुन्हा अंथरुणाला खिळली. रविवारी साहेबांनी मुलीसाठी उपासाची घोषणा करायला तोंड उघडलं, तोच मी बायकांच्या बाकांतून उभी राहिले. भर प्रार्थनेत उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ.

"उपास करा," मी म्हटलं. "पण ओ पॉझिटिव्ह असतील त्यांनी जेवायचं. माझ्या घरी जेवायचं, माझ्यासमोर. कोण येतंय?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग पुढच्या बाकावरून, सगळ्यांच्या आधी, पंचांचा हात वर आला.