धावफलकात न आलेले चेंडू

धम्मदीप ढोकेने आयुष्यात बेसबॉलचा चेंडू हातात धरलेला नाही. नागपुरात वाढला, सांख्यिकीत एम.एस्सी. केलं आणि आता सिंगापुरात पाया लेबारच्या एका ऑफिसात बसून अमेरिकेतल्या क्लबांना सांगतो, की कोणत्या खेळाडूशी किती वर्षांचा करार करावा.

त्याच्या वाट्याला बहुतेक म्हातारे रिलीफ पिचर येतात. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. सुरुवातीचा पिचर थकला की शेवटच्या टप्प्यात ज्याला आणतात, तो रिलीफ पिचर. पस्तिशी ओलांडली की तो म्हातारा, आणि करार संपला की मोकळा, कुणीही घ्यावा. पण असा माणूस वर्षभरात मैदानावर इतका थोडा वेळ असतो, की तो चांगला होता की त्याचं नशीब, हे आकड्यांवरून सांगणं अवघड.

नोव्हेंबरात धम्मदीपने एका क्लबला स्वतःच्या नावाने पहिला अहवाल दिला. पिचरचं नाव क्वेड, वय सदतीस. वेग दरवर्षी थोडा उतरत होता, पण आजवर फेकलेले चेंडू बरोबरीच्यांपेक्षा कितीतरी कमी. ‘खांदा झिजलेला नाही, दोन वर्षं द्यावीत,’ असं त्याने लिहिलं. क्लबची बैठक बुधवारी होती.

रविवारी तो तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, उत्तमकाकांबरोबर जेवायला गेला. काका वडिलांचे मित्र, जहाजावर चीफ इंजिनिअर, वय साठ. हल्ली कंपनी त्यांना कायमचं जहाज देत नाही. कुणी सुट्टीवर गेलं की दोन महिने पाठवते. धम्मदीपने हौसेने फोनवर क्वेडचा खेळ दाखवला.

“मागे कुंपणापाशी फेकतोय तो कोण रे?”

“तोच. बोलावणं येईल म्हणून खांदा गरम करतोय.”

“आणि नाही आलं तर?”

“तर बसतो परत.”

“ते चेंडू मोजता?”

“नाही काका, ते खेळात धरत नाहीत.”

काकांनी चमचा खाली ठेवला. “शाब्बास! आमच्या जनरेटरचे तासही वहीत कमीच दिसतात. पण दिवसातून दहादा चालू-बंद केला तर तो झिजणार नाही होय? एम.एस्सी. कशात केलंस म्हणालास?”

सोमवारी धम्मदीपने ऑफिसातली चित्रणं उघडली. कुंपणाची बाजू बावीसच सामन्यांत नीट दिसत होती. त्यातल्या तेरा सामन्यांत क्वेडने खांदा गरम केला होता आणि न खेळता परत बसला होता. दर वेळी वीस-पंचवीस चेंडू.

त्याने ते आपल्या बॉसला, वेई लिंगला, दाखवलं.

“बाकीच्यांचं मोजलंस?”

“नाही. याचंच.”

“मग तेरा म्हणजे जास्त की कमी, तुला कसं कळलं? आणि अहवाल बदललास तर क्लब हसेल. पुढच्या महिन्यात तुझं कन्फर्मेशन आहे, विसरू नकोस.”

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच धम्मदीपला टोचत होतं. मंगळवारी दुपारपर्यंत त्याने आणखी दोघांचं मोजलं. तेवढ्याच सामन्यांत एक सात वेळा, दुसरा अकरा वेळा असा न खेळता परत बसला होता. तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही. आणि या वयात करार न मिळून एक हंगाम घरी बसलेला पिचर सहसा परत येत नाही, हे त्याच्याच तक्त्यात होतं. पण ‘झिजलेला नाही’ हेसुद्धा त्याला कुठे माहीत होतं?

त्याने ते वाक्य काढलं. ‘खांदा किती झिजला आहे हे सांगता येत नाही, एकच वर्ष द्यावं,’ असं लिहिलं. वेई लिंगने ते वाचलं आणि क्लबकडे पाठवलं.

क्लबने एक वर्षही दिलं नाही. सांगता येत नाही, तर नकोच, असं त्यांचं उत्तर आलं. धम्मदीप नोकरीत कन्फर्म झाला. फेब्रुवारीत संघांचे सराव सुरू झाले तेव्हा क्वेडचं नाव कुठेच नव्हतं.

“तुझ्या त्या म्हाताऱ्याला मिळालं का रे काम?” काकांनी विचारलं. पुढच्या आठवड्यात त्यांची जहाजावर जाण्याआधीची मेडिकल तपासणी होती.

“नाही.”

काका कॉफी ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

“पण खांदा खरंच गेला होता का त्याचा?”

“माहीत नाही, काका.”